दहावीच्या पोराला दारं धरायला लावू नका

जानेवारीत सुरू लागणीची घाई आणि दहावीची उजळणी एकदमच येते. गटात फिरताना आम्ही पाहतो, विजेची पाळी रात्रीची आली की पोरगा बॅटरी घेऊन दारं धरायला जातो अन् सकाळी वर्गात पेंगतो. मग दोष मास्तरांना! घरात माणूस कमी, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही शेतकऱ्याचीच पोरं. पण फेब्रुवारी-मार्चची परीक्षा होईतो भावकीत पाळी बदलून घ्या, नाहीतर मजूर लावा. पोरीच्या मागचं भाकरी-धुणंही तेवढे दिवस कमी करा, पेपर तिलाही तोच असतो. आणि तोडीच्या चिठ्ठीसाठी पोराला गट ऑफिसला हेलपाटे घालायला लावू नका. तोड लागण नोंदीप्रमाणे मिळते. विचारायचं असेल तर तुम्ही स्वतः या.