कोंडीची बातमी सर्वांना, वाट मात्र वेगवेगळी

रहदारीची कोंडी झाली की 'रस्ते रुंद करा' अशी मागणी होते. पण रस्ता रुंद करण्यास वर्षे लागतात. पुढे कोंडी आहे हे वाहनचालकाला आधीच कळले, तर आहे त्याच रस्त्यांवर बराच वेळ वाचू शकतो.

जपानमध्ये १९९६ साली 'व्हिक्स' नावाची यंत्रणा सुरू झाली. रस्त्यांवरील संवेदकांनी टिपलेली रहदारीची माहिती केंद्रात गोळा होते व एफ.एम. रेडिओलहरींवरून दर ५ मिनिटांनी प्रक्षेपित केली जाते. गाडीतील पडद्यावर ती अक्षरांत, साध्या आकृतीत किंवा नकाशावर उमटते. आज मोबाइल फोनवरील नकाशेही हेच काम करतात. रस्त्यावरचे अनेक फोन किती वेगाने सरकत आहेत, यावरून त्यांना कोंडी ओळखता येते.

याचा लाभ किती, ते थोड्या गणिताने पाहू. समजा, एका पुलावरून मिनिटाला ५० गाड्या जाऊ शकतात आणि येतात ५५. म्हणजे दर मिनिटाला ५ गाड्या मागे उरतात. तासाभरात ३०० गाड्यांची रांग लागते व शेवटच्या गाडीला ६ मिनिटे खोळंबावे लागते. दोन तासांनी १२ मिनिटे! आता कोंडीची बातमी कळून दर ११ गाड्यांपैकी एकच गाडी शेजारच्या रस्त्याने वळली, तर रांग वाढतच नाही. त्या एकीमुळे उरलेल्या दहांचाही वेळ वाचतो, मग त्यांच्यात यंत्र असो वा नसो.

परंतु शेजारच्या रस्त्याने मिनिटाला १० गाड्याच जाऊ शकत असतील आणि सर्व ५५ गाड्या तिकडे वळल्या तर? तेथे मिनिटाला ४५ गाड्या तुंबतील आणि पूल मात्र रिकामा राहील. त्या रस्त्यावर शाळा असेल, तर मुलांना रस्ता ओलांडणेही कठीण होईल.

म्हणून माझे मत असे, की अशा यंत्रणेने सर्वांना एकच वाट दाखवू नये. पर्यायी रस्ता किती गाड्या पेलू शकेल हे पाहून तिने गाड्या विभागाव्यात आणि शाळेजवळचे अरुंद रस्ते वगळावेत. सगळेच रस्ते भरले असतील, तर 'अर्ध्या तासाने निघा' किंवा 'बसने जा' असेही तिने स्पष्ट सांगावे.

एकदा शिक्षकांसोबत चौकातल्या पदपथावर उभे राहून मिनिटाला किती गाड्या येतात आणि किती सुटतात, ते मोजून पाहा. या दोन आकड्यांतील लहानसा फरकच मोठी कोंडी घडवतो, हे तुमच्या सहज ध्यानात येईल.