दशक्रियेतला भूतकाळ

माणूस जिवंतपणी कसाही वागो, दहाव्या दिवशी तो 'करीत असे' होतो. आमच्या पिंपरी पेंढारला या, नाहीतर ओतूरपासून आळेफाट्यापर्यंतच्या कुठल्याही गावी दशक्रियेला जाऊन बसा. प्रवचन आटोपतं, कावळा शिवतो न शिवतो तोच माइक पुढाऱ्यांच्या हाती जातो. "आण्णा पहाटे चारला उठत. गोरगरिबांना मदत करीत. कधी कुणाचं मन दुखवीत नसत." समोर बसलेल्या भावकीत निम्म्यांचे आण्णांशी बांधावरून दावे चालू असतात, पण कुणी हूं की चूं करत नाही. परवापर्यंत हेच आण्णा 'उठायचे', 'भांडायचे', 'उधारी बुडवायचे'. मेल्यावर क्रियापद धुऊन मिळतं.

व्याकरणात याला रीति भूतकाळ म्हणतात. पुन:पुन्हा घडणारी, सवयीची गोष्ट सांगणारा काळ. लबाडाच्या हाती पडला की तो फार कामाला येतो. आण्णांनी हयातीत एकदा शाळेला सतरंजी दिली, तीही निवडणुकीच्या वर्षी. 'सतरंजी दिली' म्हटलं तर एकच सतरंजी दिसते. 'शाळेला मदत करीत' म्हटलं की तीच सतरंजी जन्मभर पुरते. गौरवग्रंथ, स्मरणिका, साखर कारखान्यांचे अहवाल हे सगळं दुकान याच एका प्रत्ययावर चालतं.

फ्रेंचांनीही एक भूतकाळ असाच कागदासाठी राखून ठेवला आहे. त्याचं नाव 'पासे सँप्ल'. दुकानात, घरात, फोनवर तो कुणी बोलत नाही. कादंबरीत, इतिहासात आणि परीकथेत मात्र त्याचंच राज्य. आपल्या रीति भूतकाळाशी त्याचा अर्थ जुळत नाही, उलट तो एकदा घडून संपलेली गोष्ट सांगतो. पण थाट तोच. ते रूप दिसलं की वाचकाने पाठ सरळ करून बसायचं. आल्बेर काम्यूने १९४२च्या 'लेत्राँजे' कादंबरीत तो झटकून टाकला आणि नायकाकडून जवळजवळ सगळी हकीकत बोलण्यातल्या भूतकाळात सांगवली. लगेच पुढच्या वर्षी सार्त्रने त्या वाक्यांवर लेख लिहिला. एका काळावरून तिकडे मोठे लेखक लेखणी झिजवतात. आपल्याकडे त्याचा एका मार्काचा प्रश्न होतो.

तो प्रश्न मी पाहिला आहे. तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्याकडची पोरं कांद्याच्या पैशातून अकॅडमीची फी भरतात. तिथे त्यांना फळ्यावर सूत्र मिळतं : 'जात असे, करीत असे' दिसलं की रीति भूतकाळावर टिक मारा. का, कशासाठी, कुठून आलं, काही विचारायचं नाही. 'जात असे' हा दोन क्रियापदांचा जोडकाम केलेला प्रकार आहे. मूळचं एकहाती रूप 'जाई'. मी जाई, तू जाईस, तो जाई, आम्ही जाऊ, ते जात. त्यातही गंमत अशी, की 'जायचा-जायची'ला आधी बाई की पुरुष हे विचारावं लागतं. 'जाई'ला काही पडलेलं नाही, तोही जाई, तीही जाई. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून या आख्यातांची बारीक झडती घेतली. एवढ्या मेहनतीतून फळ्यावर एक ओळ उतरली.

शेजारच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो हाच, अशी श्रद्धा. त्या ज्ञानदेवांच्या मराठीत 'करी' म्हणजे आता करतो, रोकडा वर्तमानकाळ. पुढे 'करितो' आला, त्याने वर्तमानाची जागा बळकावली आणि 'करी'ला मागे भूतकाळात सरकावं लागलं. म्हणी मात्र हटल्या नाहीत. 'देव तारी त्याला कोण मारी' यातला 'तारी' कुठल्या भूतकाळातला आहे? जात्यावरच्या ओव्यांतही 'बोले', 'चाले' हे आजचंच बोलणं आणि चालणं. या ओव्या, एक लाखाहून जास्त, गोळा केल्या त्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी. प्वातव्हँ जन्माने फ्रेंच! आपल्या मराठीच्या मास्तरांना आयांच्या ओव्या गावंढळ वाटत होत्या, तेव्हा तो पुणे जिल्ह्यातल्या बायांपुढे बसून ऐकत होता.

शाळेतही वेगळं काय? एका पोराने निबंधात 'आमची आजी गोष्टी सांगायची' असं लिहिलं. बाईंनी लाल शाईने 'सांगायची' खोडून वर 'सांगत असे' लिहिलं. चूक काय होती? चूक एवढीच, की पोराची आजी खरी होती आणि बाईंना निबंधातली पाहिजे होती. सगळा महाराष्ट्र घरात 'सांगायची' म्हणतो, बाईसुद्धा.

दुसरीकडे विद्वान डोळे पुसतात, की 'जाई-करी' बोलीतून मेलं हो. मेलं कुठे? रात्री थ्री फेजची लाइट असते, तेव्हा आमच्या शिवारात येऊन कान द्या. मोटर चालू होईना. लाइट येईना. वायरमन फोन उचलेना. पिंजरा लावून ठेवलाय, पण बिबट्या आत जाईना, आणि पोरं घरात थांबेनात. हे 'होई', 'येई', 'जाई' कोण आहेत मग? तेच जुनं रूप, मागे 'ना' लावलेलं. होकारातला कारभार पुढाऱ्यांकडे आणि गौरवग्रंथांकडे गेला, नकारातला आमच्याकडे राहिला. वाटणी रास्तच म्हणायची.

एका भरतीच्या सरांना मी विचारलं, "'मोटर चालू होईना' यातलं क्रियापद कुठल्या काळातलं?"

सर म्हणाले, "पर्याय सांगा."