आवार तुमचं, माणूस ठेकेदाराचा : जिनिंगमधल्या बाहेरच्या कामगारांचं मागणीपत्र

प्रति,
जिनिंग-प्रेसिंग मालक, लासूर स्टेशन परिसर

विषय : कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी ठेकेदारी कामगारांच्या सुरक्षिततेची लेखी व्यवस्था करणेबाबत.

महोदय,

गेल्या हंगामात इथल्या एका जिनिंगमध्ये बाहेरून बोलावलेला फिटर मशीनचा पट्टा बदलत होता. स्विच त्याने स्वतः पाडलेला. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या टोळीतल्या पोराने तो सवयीने वर केला. हात वाचला, दोन बोटं गेली. दवाखान्यात केसपेपरवर मालकाचं नाव विचारलं, तेव्हा मुकादमाने जिनिंगचं सांगितलं, मुनीमजींनी ठेकेदाराचं सांगितलं, आणि ठेकेदाराचा फोन बंद. ती जागा कोरीच राहिली. आमचं भांडण त्या कोऱ्या जागेशी आहे.

हंगामात तुमच्या आवारात परप्रांतातली टोळी असते, जिनवर कापूस टाकणाऱ्या गावातल्या बाया असतात, पावणेदोन क्विंटलच्या गठाणी ट्रकवर चढवणारे हमाल असतात, वेल्डर आणि वायरमन असतात. हजेरीपुस्तकात मात्र ऑपरेटर आणि वॉचमन. बाकीच्यांबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘तो ठेकेदाराचा माणूस आहे.’

कायदा असं म्हणत नाही. काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी इजेची भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, हे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 मध्येच होतं. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

म्हणून पहिली मागणी नोंदीची. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, ठेकेदार आणि घरच्यांचा फोन नंबर जिनिंगच्या स्वतःच्या रजिस्टरात रोज लिहिला जावा. मुकादमाच्या वहीवर आमचा भरवसा नाही. तिच्यात उचल असते, माणूस नसतो.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. मशीनमध्ये हात घालणाऱ्याने आधी फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावा, स्विचला कुलूप लावावं आणि किल्ली त्याच्याकडेच राहावी. कापसाच्या गंजीजवळ वेल्डिंग करायचं तर मालकाच्या माणसाची लेखी परवानगी, पाण्याचा पाइप जोडलेला, आणि काम संपल्यावरही तासभर राखण हवी. रुईतली ठिणगी आत धुमसत राहते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

रात्री गोदामात कुणालाही झोपू देऊ नये. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्या कामगारांपैकी 6 जण गेले. टोळीला राहायला वेगळी खोली आणि संडास-पाण्याची सोय द्या.

बायांबद्दल वेगळं सांगायला हवं. कापूस पिंजणारं यंत्र चालू असेल त्या भागात बायांना कामाला लावू नये, किंवा मधे छतापर्यंत भिंत असावी, असं 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 27 मध्ये सांगितलं होतं. आम्ही बायांचा रोजगार काढून घ्या म्हणत नाही. भिंत बांधा, शाफ्टला आणि पट्ट्यांना जाळी बसवा, पदर झाकणारा अंगरखा आणि नाकाला मास्क द्या. आज त्या ओढणीच तोंडाला गुंडाळतात, आणि तिचंच टोक मशीनपाशी लोंबतं.

राहिला विमा. कर्मचारी राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत आणि त्यांच्या व्याख्येत कापूस जिनिंगचं नाव अगदी सुरुवातीला आहे. हंगाम सरतो, पण गेलेलं बोट परत येत नाही. तेव्हा सामूहिक अपघात विमा मालकांनी काढावा, हप्ता मजुरीतून कापू नये. पॉलिसीची प्रत फाटकावर लावावी.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. त्याआधी मालक, ठेकेदार आणि आमचे पाच प्रतिनिधी (त्यात दोन बाया) अशी बैठक बोलवावी आणि ठरेल ते लेखी द्यावं. ते मिळेपर्यंत उघड्या शाफ्टच्या मशीनवर आमचं माणूस उभं राहणार नाही.

आपले,
जिनिंगमधले ठेकेदारी व रोजंदारी कामगार,
लासूर स्टेशन