गव्हाणीपाशी खेळू द्या!

डिसेंबर महिना आला, की खानदेशात कापसाच्या वेचणीची धांदल असते, गहू-हरभरा वर येत असतो आणि पहाटेच्या थंडीत जागोजागी शेकोट्या पेटतात. याच दिवसांत जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार, नवापूर या गावांतील ख्रिस्ती घरांवर कामट्या आणि पतंगी कागदाची चांदणी लागते. आत करंज्या तळल्या जात असतात. नाताळचे ताट शेजारी जाते, जसे दिवाळीचे ताट इकडे आलेले असते.

हा समाज संख्येने लहान आहे. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्या सुमारास पूर्वेकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आणि पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या संस्थांचे काम चालू होते. भुसावळला रेल्वेच्या नोकरीने आणखी काही कुटुंबे आणली. नवापूरच्या पट्ट्यात आदिवासींनी मोठ्या संख्येने हा धर्म स्वीकारला. आता प्रश्न पुढच्या पिढ्यांचा आहे. विश्वास आजोबांकडून नातवाकडे जायचा कसा? हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. ज्या घरात देवाचे नाव घेतले जाते, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

या प्रश्नाचे सध्या एक सोपे उत्तर काढले जाते. नाताळचा ‘कार्यक्रम’ बसवायचा! महिनाभर आधी पाठांतर, भाड्याचे पोशाख, ध्वनिमुद्रित संवाद आणि व्यासपीठासमोर मोबाइल उंचावून बसलेले पालक. मरिया कोण होणार यावरून रुसवेफुगवे, योसेफ वाक्य चुकला म्हणून पडद्यामागे दटावणी. शेवटी बक्षिसे. मुलांनी नाताळ साजरा केला असे आपण म्हणतो. खरे पाहता मोठ्यांनी मुलांकडून तो साजरा करवून घेतलेला असतो. यात श्रद्धेचा भाग किती आणि मिरवण्याचा किती, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

खानदेशातील लोकधर्म कुणी व्याख्यान देऊन शिकविलेला नाही. पोळ्याला मुले मातीचे बैल करतात. त्या ओल्या मातीतून जनावराविषयीची कृतज्ञता हाताला कळते. भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर जातात, डब्यातला खाऊ ओळखतात आणि त्या खेळात सासर-माहेर, शिव-पार्वती सारेच येऊन जाते. आखाजीचा झोका तर अवघ्या खानदेशाचा. या खेळांना परीक्षक नसतो. म्हणूनच पुढे वय झाले, गाव सुटले, तरी ते मनातून जात नाहीत. मूल जे खेळते, ते त्याचे होते. जे पाठ करते, ते परीक्षेपुरते असते.

ख्रिस्ती परंपरेलाही हे परके नाही. येशूने मुलांना जवळ येऊ द्या असे सांगितले, हे सर्वांना ठाऊक असते. पण बाजारात बसून ‘लग्न’ आणि ‘मयत’ असे खेळ खेळणाऱ्या मुलांचा दाखलाही त्याने दिला आहे, तिकडे फारसे लक्ष जात नाही. मुले कशी खेळतात, कशी रुसतात, हे ज्याने थांबून पाहिले असेल, त्यालाच तो दाखला सुचतो. त्याच्याही आधी जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे चित्र रेखाटले, तेव्हा त्यात काय पाहिले? काठी टेकत बसलेली म्हातारी माणसे आणि खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले रस्ते! देवाच्या राज्याची खूण म्हणून त्याला खेळणारी मुले दिसली.

नाताळच्या गोठ्याचे उदाहरण घ्या. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरा चारा, खरा बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. ग्रंथातली गोष्ट गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावी, चाऱ्याचा वास यावा, एवढाच हेतू. गव्हाण म्हणजे काय हे शहरातल्या मुलाला समजावून सांगावे लागते, खानदेशातल्या मुलाला नाही. कडब्याची पेंढी, गोठ्यातला ओलावा, रात्री जनावराच्या गळ्यातली घंटा हे सारे त्याच्या ओळखीचे आहे. मग त्याच्यापुढे कापसाचा खोटा बर्फ आणि प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड कशासाठी? पोळ्याला केलेला मातीचा बैल नाताळला गव्हाणीशेजारी उभा राहिला, तर त्यात कुणाचेच काही बिघडत नाही. उलट, येशू आपल्याच गावात जन्मला, असे त्या मुलाला वाटेल.

पुढच्या काळात सोफिया काव्हालेत्ती या विदुषीने 1954 पासून रोममध्ये, माँटेसरींच्या पद्धतीच्या आधाराने, मुलांच्या हाती लाकडाचे लहानसे मेंढपाळ आणि मेंढरे दिली. गोष्ट सांगायची आणि मग मुलाला ती हाताळू द्यायची. तात्पर्य मात्र सांगायचे नाही. हा संयम मोठ्यांना फार कठीण जातो. गोष्ट संपते न संपते तोच ‘यावरून आपण काय शिकलो?’ असे विचारण्याची आपल्याला घाई. नाताळची गोष्ट मुलांच्या हाती सोपवून पाहा. पुष्कळांना हेरोद व्हायचे असते! राजा दुष्ट का, त्याने बाळांना का मारले, देव तेव्हा कुठे होता, असे प्रश्न निघतात. त्यांची तयार उत्तरे पाळकांकडेही नसतात. पण असे प्रश्न जिथे विचारता येतात, तिथेच विश्वासाला मुळे फुटतात.

इथे एक पथ्य सांगितलेच पाहिजे. खेळ हे आमिष होता कामा नये. नाताळच्या खेळात शेजारची मुले येणारच. त्यांना खाऊ मिळावा, मेंढपाळाची काठी मिळावी, आणि त्याबद्दल त्यांच्याकडून कसलीही अपेक्षा नसावी. भारताने 1992 साली मान्य केलेल्या बालहक्कांच्या संहितेत मुलाच्या खेळण्याच्या हक्काला जागा आहे, तशीच त्याच्या विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्यालाही आहे. आईवडिलांचे मार्गदर्शन त्या स्वातंत्र्यासाठी असते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरले. पुढे अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या ख्रिस्ती घरात ते मुलासारखे राहिले. त्या घराने त्यांना माया दिली, पण धर्म बदलायला लावला नाही. विश्वास पक्का असेल, तर घराची दारे उघडी ठेवायला भीती वाटत नाही.

आणि शेवटी त्या मुलांविषयी, जी या खेळात नसतातच. दिवाळी सरली, की नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. उचल घेतलेली असते. मनात आले म्हणून परतता येत नाही. ऐन नाताळात त्यांची मुले उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळत असतात. घरापासून दूर, मुक्कामाला जागा नाही, जनावरांच्या सोबतीने काढलेली रात्र: नाताळची ही गोष्ट त्यांच्याइतकी जवळची कुणाला असणार? मंडळ्यांनी नाताळच्या रोषणाईतला थोडा पैसा वाचवून, एखादा दिवस काढून, चार माणसे त्या पडावांवर पाठवावीत. सोबत चेंडू न्यावा, दोरी न्यावी, चांदणीसाठी रंगीत कागद न्यावा. भाषण नेऊ नये.

मुलांना विश्वास द्यायचा, तर आधी त्यांना वेळ, माती आणि मोकळीक द्यावी लागते. व्यासपीठ थोडे लहान करा, अंगण थोडे मोठे करा. यंदा योसेफ वाक्य विसरला आणि मेंढरे हसत सुटली, तर त्यांना हसू द्या. ज्या बाळाच्या जन्माचा हा सण, त्यालाही ते हसू आवडल्याशिवाय राहणार नाही.