घरातल्या बारची पाटी

पाटी आणि शिक्षक यांचे नाते जुने. गावात कोणी नवे घर बांधले की दारावरच्या पाटीचा मजकूर तपासून घेण्यासाठी माणसे अजूनही मुख्याध्यापकाकडे येतात. 'मातृछाया' लिहावे की 'मातृच्छाया', 'आशीर्वाद'मधली 'शी' ऱ्हस्व की दीर्घ, असे त्यांचे प्रश्न असतात. अलीकडे या प्रश्नांत एका निराळ्याच पाटीची भर पडली आहे. नव्या बंगल्यांत दिवाणखान्याच्या एका अंगाला लाकडी कट्टा, चार उंच स्टुले, पेल्यांची मांडणी आणि मागे बाटल्यांचे कपाट असा घरगुती 'बार' करून घेण्याची रीत आपल्या गोव्यात रुळली आहे. त्यावर पाटी हवी, आणि तीही बाजारातली तयार नव्हे, तर खास आपल्या नावाची, आपल्या शब्दांची. या पाटीविषयीच या महिन्यात लिहावे असे योजिले आहे. मद्यपान करावे की करू नये, हा वाद येथे घालत नाही. त्याबाबतचे माझे मत वाचकांस ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही.

पाटी ही मुळात दुकानाची वस्तू. इंग्लंडात दुसऱ्या रिचर्डच्या राजवटीत, १३९३ साली, मद्य करून विकणाऱ्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे असा दंडक घालण्यात आला. मद्याची प्रत तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ठिकाण ओळखता यावे, हा त्यातला हेतू. वाचता येणारे थोडे, म्हणून पाटीवर अक्षरांऐवजी चित्रे असत. कोठे सिंह, कोठे मुकुट, तर कोठे खुद्द त्या राजाचे चिन्ह असलेला पांढरा हरिण. म्हणजे पाटीचे वाचक दोन, एक सरकारी तपासनीस आणि दुसरा अनोळखी वाटसरू. घरातल्या बारकडे या दोघांपैकी कोणीच फिरकत नाही. येणारा पाहुणा यजमानाचा हात धरून येतो, त्याला वाट दाखवावी लागत नाही. मग ही पाटी वाचायची कोणी?

आमच्या जुन्या घरांना हा प्रश्न कधी पडला नाही. फेणीची बाटली बहुतेक हिंदू घरांतही असे, पण ती असे औषधाच्या फडताळात. पोरांना पडसे झाले की छातीला चोळायला आणि मोठ्यांच्या पोटदुखीला चमचाभर. तिच्यावर चिठ्ठीसुद्धा नसे. वासावरून ओळख पटे. त्याच फेणीला, म्हणजे काजूच्या फेणीला, २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती फडताळातून दिवाणखान्यात आली. याबद्दल तक्रार नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या झाडापासून आमच्या लोकांनी जे घडवले, त्याचा मान त्याला मिळाला. मात्र फडताळातल्या बाटलीपाशी कोणी बैठक मारून बसत नव्हते.

पाटी वाचणारा तो तिसरा कोण, हे प्राथमिक शाळेत चार वर्षे काढलेल्या कोणालाही सांगता येईल. अक्षरे नुकतीच जुळवू लागलेले मूल जे दिसेल ते मोठ्याने वाचते. कदंब बसच्या पाट्या, सिमेंटच्या पोत्यावरचा मजकूर, आजोबांच्या औषधावरचा कागद, त्याला सारे सारखेच. मोठ्यांना समोरची पाटी आठ दिवसांत दिसेनाशी होते. (शाळेच्या भिंतीवर वर्षभर असलेला सुविचार अचानक विचारावा, तर सहशिक्षकांनाही सांगता येत नाही, हा माझा अनुभव आहे.) मूल मात्र ती रोज वाचते आणि तिचा अर्थ विचारते. घरातल्या बारच्या पाटीचा खरा वाचक हा असा साडेतीन फूट उंचीचा असतो. मजकूर ठरवायचा तो त्याच्याकडे पाहून.

आता नावांकडे वळू. देवदेवतांची नावे धारण केलेले बार आपल्याकडे रस्त्यांवर दिसतात. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांसंबंधी निर्णय घेतला, तेव्हा मद्य विकणाऱ्या वा पुरवणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची, महनीय स्त्रियांची आणि गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत, असेही त्यात घातले. तो नियम दुकानांचा आणि त्या राज्यापुरता. घरात कायदा येत नाही, म्हणून तर विवेक अधिक हवा. काही सुशिक्षित मंडळी 'सोमरस' हे नाव सुचवतात आणि वर वेदांचा दाखला देतात. दाखला चुकीचा आहे. ऋग्वेदाचे नववे मंडल सोमाला वाहिलेले आहे खरे. परंतु सोम म्हणजे वनस्पती कुटून, गाळून काढलेला यज्ञातला रस, आणि सुरा म्हणजे आंबवलेले मद्य. शतपथ ब्राह्मण या दोघांना सत्य आणि अनृत अशा दोन टोकांना बसवते. तेव्हा बाटलीतल्या व्हिस्कीला सोम म्हणणे हे परंपरेचे ज्ञान नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरीला आहे. फोंड्याजवळ त्याने हौसेने घर बांधले. सुटीवर आला तेव्हा पत्नीसह भेटायला आला आणि म्हणाला, "सर, बारवर 'एकच प्याला' असे लिहून घेतोय. मराठी नाव आहे, तुम्हांला आवडेल." शब्द निःसंशय गोड आहेत. पण ते आले कोठून? राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यांचे हे नाटक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. बुद्धिमान वकील पहिल्या पेल्याला बसतो आणि शेवटी त्याचे तान्हे मूल, त्याची पत्नी आणि तो स्वतः असे सारे घर बुडते. त्या नाटकात तळीराम आणि त्याचे सोबती आपल्या टोळक्याला 'आर्य मदिरा मंडळ' असे भारदस्त नाव देतात. पिणाऱ्याला पाटी का हवीशी वाटते, हे गडकऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते. नाव दिले की सवयीची संस्था होते.

मी त्याला एवढेच विचारले, की तुझी मुलगी पहिलीत आहे. ती 'एकच' वाचील आणि मग मोजू लागेल, तेव्हा काय सांगशील? तो हसला. मग मी म्हणालो, दुकानाच्या बारला परवाना असतो, गिऱ्हाइकाच्या वयाची अट असते आणि बंद करण्याची वेळ असते. तुझ्या बारला यांतले काहीच नाही. पाटी करतोच आहेस, तर नावाखाली बंद होण्याची वेळ घाल. तो पुन्हा हसला. त्याची पत्नी हसली नाही. "सर, किती वाजता म्हणून लिहायचे?" असे तिने विचारले. साडेनऊ ठरले.

वरचे शब्द साधे असावेत. 'बैठक' चालेल, घराण्याचे आडनाव चालेल; वडिलांचे किंवा आजोबांचे नाव मात्र तेथे नको, ते दारावरच शोभते. नुसते 'बार' लिहू नये, कारण मराठीत बार उडतो, बार भरतो आणि बहुधा फुसकाही निघतो. बायकोच्या रागावरचे विनोद कोरलेल्या इंग्रजी पाट्या बाजारात ढिगाने मिळतात, त्यांपासून दूर राहावे. पहिल्या दिवशी हसू आणणारा विनोद भिंतीवर टांगला की रोज ऐकावा लागतो, आणि तो ऐकणारी ती बायको त्याच घरात असते.

राहिला प्रश्न कशावर लिहावे हा. आमच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि वाळवीलाही आवडते. पितळ खाऱ्या हवेत काळवंडते. रंगवून भाजलेली चकचकीत फरशी, जिला पोर्तुगीज 'आझुलेजु' म्हणतात, या हवेला उत्तम. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात जोर्ज कोलासो यांनी केलेली १९३५ सालची अशी चित्रे अद्याप टवटवीत आहेत. मात्र ही पाटी करणाऱ्या कारागिराला देवनागरी सराईतपणे येत असेलच असे नाही. मजकूर टपोऱ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावा, वेलांटी आणि अनुस्वार लाल शाईने ठळक करावेत, आणि फरशी भट्टीत जाण्यापूर्वी स्वतः जाऊन एकदा वाचावी. भाजून निघालेल्या फरशीवरचा ऱ्हस्व मागाहून दीर्घ करता येत नाही. दुसरी फरशी भाजावी लागते आणि तिचे पैसे निराळे पडतात.