पाच मैत्रिणी आणा, यंत्र फुकट न्या!

‘पाच मैत्रिणींची नावं द्या आणि मुलासाठी व्हिडिओ गेमचा कन्सोल फुकट न्या!’ अशी योजना कानावर आली की आपल्यातल्या बऱ्याच जणींना त्यात वावगं वाटत नाही. मुलगा कधीपासून मागे लागलेला असतो, दुकानात किंमत पन्नास हजारांच्या घरात असते, आणि आपल्याला काय, नावंच तर द्यायची आहेत! माझी हरकत नेमकी या ‘नावंच तर’वर आहे. कोणाच्या बाळंतपणात कोण रात्रभर बसलं, अडीनडीला कोणाच्या मुलीची फी कोणी भरली, हा सगळा हिशेब त्या पाच नावांमागे असतो. जाहिरातींवर कोट्यवधी रुपये ओतूनही कंपनीला जो विश्वास मिळत नाही, तो आपण तिच्या हवाली करतो.

बाजाराला हा शोध काल लागलेला नाही. अमेरिकेत अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे दुकानांत खपत नव्हते. ब्राउनी वाइज ही एकटीने मुलगा वाढवणारी बाई ते घरोघरच्या मेळाव्यांत खपवत होती. 1951 साली टपर यांनी तिला विक्रीची प्रमुख नेमलं आणि दुकानांतून माल काढून घेतला. यजमानीण शेजारणींना बोलावणार, चहापाणी करणार, आणि शेजारणी भिडेपोटी डबे घेणार. 1954 साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली वाइज ही पहिली स्त्री. 1958 साली तिला कंपनीतून काढलं. वर्षाचा पगार हातात ठेवला, भागभांडवल काहीच नाही. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी 1 कोटी 60 लाख डॉलरला विकली. ज्यांच्या ओळखींवर हा पसारा उभा राहिला, त्या हजारो यजमानिणींचा त्यात वाटा किती? शून्य.

आता व्हिडिओ गेमकडे येऊ. निन्टेन्डो या जपानी कंपनीने 1989 साली हातात मावणारं यंत्र काढलं आणि नाव ठेवलं ‘गेम बॉय’. खेळणारा मुलगाच असणार, हे नावातच ठरून गेलं! त्याच कंपनीला 2006 साली ‘वी’ हा कन्सोल अमेरिकेत आणताना एकाएकी आया आठवल्या. तिने निवडक लोकांना ‘राजदूत’ नेमलं. त्यात ओळखीपाळखीचा गोतावळा मोठा असलेल्या आया मुद्दाम हेरल्या होत्या. प्रत्येकीने तीसेक मैत्रिणी-नातेवाईक जमवायचे आणि सगळ्यांनी यंत्र खेळून पाहायचं. यंत्र कंपनीचं, पाहुण्यांची यादी बाईची. पुढे जगभरात दहा कोटींहून जास्त ‘वी’ खपले. त्याला इतर कारणंही होती, पण घराचं दार कोण उघडतं हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं.

त्या काळात अमेरिकेत उघड्या आमिषाच्या योजनाही फोफावल्या होत्या. ग्रॅटिस इंटरनेट नावाची कंपनी आयपॉड ‘फुकट’ देई. अट अशी की आधी तुम्ही एखाद्या जाहिरातदाराची सेवा घ्यायची, मग तेच करणारे पाच जण आणायचे. इतरांनी याच पद्धतीने गेमचे कन्सोल वाटायला काढले. 2006 साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी ग्रॅटिसवर खटला भरला. माहिती कोणालाही देणार नाही असं वचन देऊन तिने लाखो लोकांची माहिती विकली, असा आरोप होता. ती माहिती घेणाऱ्या एका जाहिरात कंपनीने 11 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. म्हणजे ‘नावंच तर’ ही बाजारात विकायची वस्तू होती!

साधा हिशेब करून पाहा. योजनेत शंभर जणी आल्या. प्रत्येकीला फार तर एकीनेच आणलेलं असणार. एका यंत्रामागे पाच जणी लागतात, म्हणजे यंत्रं जास्तीत जास्त वीस. उरलेल्या ऐंशी जणींनी फोन केले, गळ घातली, मैत्रिणीची नाराजी ओढवून घेतली, आणि मोबदला काही नाही. स्वयंपाक आणि धुणीभांडी ‘काम’ म्हणून मोजली जात नाहीत यासाठी आपण इतकी वर्षं भांडलो. हेही न मोजलेलं काम आहे. वर ते मौजमजा म्हणून करून घेतलं जातं. आणि यंत्र घरी आलंच, तरी त्याच्यापुढे बसतो कोण? बहुतेक घरांत मुलगा. मुलगी भांडी विसळत असते.

कोणी म्हणेल, बायका एकमेकींना सांगतातच की! सांगतात, आणि सांगायलाच हवं. कोणती डॉक्टरीण नीट ऐकून घेते, कोणता वकील मारहाणीच्या प्रकरणात बाईला उलट दोष देत नाही, रात्री-अपरात्री कोणाचं दार वाजवावं, हे आपल्याला एकमेकींकडूनच कळतं. कित्येकींचा जीव त्यावर वाचला आहे. या सांगण्यात सांगणारीचा पैशाचा स्वार्थ नसतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. उद्या मैत्रिणीचा फोन आला की आधी ‘हिला यात काय मिळणार?’ असं मनात येऊ लागलं, तर खरी अडचण सांगणारा फोनही संशयाने उचलला जाईल. एखाद्या यंत्राच्या बदल्यात आपण हे गमावतो आहोत.

हे लोण आपल्या दारातही आलं आहे. टपरचे डबे 1996 साली भारतात आले. 2017 साली गूगलने ‘तेज’ हे पैसे पाठवण्याचं ॲप आणलं, तेव्हा ओळखीच्या माणसाला आणण्याचा मोबदला होता 51 रुपये. आहेराच्या पाकिटातलाच आकडा! हळदीकुंकू, भिशी, बचतगट ही आपली जमण्याची ठिकाणं. विक्रेत्याला तिथे तयार गिऱ्हाईक दिसतं.

तेव्हा आपल्या गटांनी निदान तीन गोष्टी ठरवाव्यात. सभासदांच्या नावांची आणि फोनची वही कोणत्याही विक्रेत्याला द्यायची नाही. कोणतीही वस्तू सुचवताना त्यात आपल्याला काही मिळणार असेल तर ते आधी सांगायचं. आणि जी मैत्रीण नाही म्हणेल तिला दुसऱ्यांदा गळ घालायची नाही. आधीच नावं देऊन बसलेल्या मैत्रिणींना दोष देऊ नका. मुलाचा हट्ट आणि रिकामा खिसा आपण सगळ्याच जणी ओळखतो. येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.