न भरलेल्या शाळेची हजेरी

हवामान खात्याने रेड अलर्ट दिला, रात्री उशिरा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच विचारणा सुरू होते, ‘उद्या सुट्टी की ऑनलाइन?’ मुंबई, ठाणे, पालघर, रायगडमधल्या घरांना हा प्रश्न आता पाठ झाला आहे. सुट्टी असेल तर मूल घरी राहते, पावसाच्या पाण्यात होड्या सोडते आणि विषय तिथेच संपतो. ऑनलाइन असेल तरीही मूल घरीच राहते, शिकत फारसे नाही, पण शाळेच्या दप्तरी कामकाजाचा एक दिवस भरल्याची नोंद होऊ शकते. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ही दुसरी सोय फार लवकर अंगवळणी पडत चालली आहे. ती वेळीच रोखली नाही तर करोनाकाळात जे नुकसान नाइलाजाने सोसले, तेच आपण हप्त्याहप्त्याने आणि राजीखुशीने ओढवून घेऊ.

शाळा बंद ठेवण्याला कोणाचाच आक्षेप असू नये. ८ जुलै २०२४ रोजी मध्यरात्रीनंतरच्या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अशा सकाळी सहा वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाण्यातून बसच्या थांब्यावर उभे करणे हा गुन्हाच ठरावा. जिल्हाधिकाऱ्यांनी अशा वेळी सावधगिरीच्या बाजूने चूक केली तरी ती क्षम्य आहे. आक्षेप आहे तो बंद शाळा चालू दाखवण्याला.

हिशेब साधा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. दुसरीकडे केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे घ्यावीत, असे म्हटले आहे. ते योग्यच आहे. त्या वयाच्या डोळ्यांना आणि पाठीला याहून जास्त झेपत नाही. पण मग सरकारच्याच मर्यादेत राहून घेतलेला ऑनलाइन दिवस जास्तीत जास्त दीड तासाचा होतो. चार तासांच्या जागी दीड तास देऊन पावती पूर्ण दिवसाची फाडली जाते. वर्षातून असे सहा दिवस निघाले तर पंधरा तास गेले, म्हणजे जवळपास चार दिवसांची शाळा बुडाली, आणि ती बुडाल्याची कुठे नोंदही नाही. किराणा दुकानदाराने असे मापात मारले तर आपण त्याला वैधमापनवाल्यांकडे नेतो.

हा दीड तासही कसा जातो, ते जवळून पाहायला हवे. दुसरीचा वर्ग घ्या. नऊ वाजता लिंक येते. पहिली दहा मिनिटे ‘मॅम, आवाज येत नाहीये’, ‘आरव, कॅमेरा वर कर, तुझं फक्त कपाळ दिसतंय’, ‘कोणाकडे तरी कुकर लागलाय, म्यूट करा प्लीज’ यात सरतात. मग पाढे. वर्गात बाई ‘बे एके बे’ म्हणतात आणि चाळीस मुले एका सुरात मागे म्हणतात. ज्याला येत नाही तो शेजाऱ्याच्या आवाजावर तरून जातो आणि चार दिवसांत त्यालाही यायला लागते. स्क्रीनवर हे होत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो, चाळीस आवाजांचा नुसता कालवा होतो, म्हणून बाई सगळ्यांना म्यूट करतात आणि एकालाच म्हणायला लावतात. ज्याला येते तो म्हणतो. ज्याला येत नाही तो गप्प बसतो, आणि त्याचा गप्पपणा कोणाला ऐकूही येत नाही.

लेखनाचे तर विचारूच नका. वर्गात बाई बाकांमधून फिरताना मुलाची पेन्सिल कशी धरलेली आहे ते पाहतात. ‘क’ची उभी रेघ तो खालून वर ओढतो की वरून खाली, ‘६’ काढताना हात कुठून वळतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मनगट धरून एकदा फिरवले की गाडी रुळावर येते. ऑनलाइनच्या दिवशी संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो जातो. त्यात ‘क’ दिसतो, तो कसा निघाला ते दिसत नाही. शिवाय बऱ्याच फोटोंतला ‘क’ आईच्या हातचा असतो. बाईंनाही ते कळते. त्या तरीही अंगठा वर केलेली खूण पाठवतात, कारण त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या मुलाचा वर्ग शेजारच्या खोलीत चालू असतो आणि त्याच्याकडेही कोणाला तरी बघायचे असते.

या सगळ्यात शिपाई, मदतनीस आणि निम्मी शिक्षिका अशी तिन्ही कामे आई करते. क्वचित आजी. बाबांचे नाव ग्रुपवर असते. आई नोकरीवर जात असेल तर तिची एक रजा जाते. ती धुणीभांडी करणारी असेल तर त्या दिवसाचे पैसे जातात आणि फोनही तिच्याबरोबर कामावर जातो. २०२१च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. हा आकडा ऐकून मंत्रालयात समाधान वाटते. त्याच पाहणीतली पुढची ओळ अशी, की घरात फोन असूनही त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप साइटवर. तो रात्री आठला परततो तेव्हा सकाळची लिंक केव्हाच बंद पडलेली असते. घरात दोन भावंडे असली तर मोठ्याचा वर्ग आधी. धाकट्याचे काय, पहिलीतच तर आहे!

पहिलीतच तर आहे, हीच या सगळ्यामागची समजूत आहे आणि ती पूर्ण उलटी आहे. दहावीचे मूल वाचून शिकू शकते. पहिली-दुसरीचे मूल वाचायलाच शिकत असते, आणि ते माणसाजवळ बसून शिकते. नेदरलँड्समध्ये २०२० साली शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. जगातल्या सर्वांत चांगल्या इंटरनेट जोडण्या असलेल्या देशांपैकी तो एक. तिथल्या सुमारे साडेतीन लाख प्राथमिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे आकडे संशोधकांनी तपासले, तेव्हा घरून शिकताना मुलांची प्रगती जवळजवळ झालीच नव्हती, असे निघाले. कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचे नुकसान इतरांहून ६० टक्क्यांपर्यंत अधिक होते. घरोघरी लॅपटॉप असलेल्या देशाची ही गत, तर आपल्याकडे नेट पॅक संपला म्हणून अर्ध्यावर तुटणाऱ्या वर्गाबद्दल काय बोलायचे?

आपले आकडेही फार लांब शोधायला नकोत. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, आणि पुढच्याच महिन्यात ओमायक्रॉनच्या लाटेत पुन्हा बंद झाले. त्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपवरून अभ्यासमाला पाठवल्या, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. पण ज्यांना खरोखर मुलांपर्यंत पोचायचे होते, त्यांनी फोनचा नाद सोडला. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडे पाड्यापाड्यांवर ध्वनिक्षेपक घेऊन शाळा फिरली. तरीही २०२२च्या ‘असर’मध्ये तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरलेले दिसले. महाराष्ट्रात ते २०१८ साली ४२ टक्क्यांच्या घरात होते, ते सुमारे २७वर आले. पुढे २०२४ मध्ये देशाचा आकडा २७.१पर्यंत सावरला. या मधल्या काळात नवे ॲप आले म्हणून तो सावरलेला नाही. मुले पुन्हा बाकांवर बसली म्हणून सावरला.

एवढे हाती असताना ऑनलाइन दिवसाला प्रशासन का भुलते? कारण तो कोणालाच बोचत नाही. सुट्टी दिली तर ती भरून काढावी लागते. शनिवार पूर्ण वेळ घ्यावा लागतो, दिवाळीच्या सुट्टीतला दिवस कापावा लागतो, मग शिक्षक नाराज, पालकांची गावची तिकिटे आधीच काढलेली. ऑनलाइन म्हटले की सगळे गप्प. खासगी शाळांना फी घेतल्याचे समाधान, पालकांना काहीतरी चालू असल्याचे. दिल्लीत तर ही युक्ती आता ठरल्या शिरस्त्याची झाली आहे. तिथे हवा बिघडली की सर्वांत आधी पाचवीपर्यंतची मुले घरी पाठवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच झाले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने जे मुद्दे काढले, ते प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली ठेवावेत असे आहेत. अनेक मुलांकडे ऑनलाइन शिकण्याची साधने नाहीत. अनेकांच्या घरी हवा शुद्ध करणारे यंत्र नाही, म्हणजे घरात बसून ती काही वेगळी हवा घेत नाहीत. आणि शाळा बंद म्हणजे त्यांचे दुपारचे जेवण बंद.

जेवणाचा हा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही, कारण चर्चा करणाऱ्यांची मुले शाळेत डबा नेतात. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्याचे, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने देणारे शिजवलेले जेवण मिळायला हवे. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या कित्येक मुलांसाठी ती खिचडी हेच दिवसातले पहिले पोटभर अन्न असते. लिंकमधून खिचडी जात नाही. २०१५च्या मध्यान्ह भोजन नियमांत याची तरतूद आहे. शाळेच्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणाने जेवण देता आले नाही, तर राज्य सरकारने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत त्या मुलाला धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाइतका अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा आहे. दिलेले जेवण मुलाने स्वतःहून घेतले नाही तर भत्ता नाही; इथे तर त्याला येऊ नको असे सरकारनेच सांगितलेले असते.

म्हणजे ऑनलाइन दिवस हा शाळेचा दिवस असेल, तर त्याचा भत्ता देणे लागते. शाळेचा दिवस नसेल, तर तो दोनशे दिवसांत मोजता येत नाही. यांतले एक काहीतरी शिक्षण विभागाने लेखी जाहीर करावे. दोन्हीकडून सोयीचे तेवढे उचलण्याची मुभा त्याला कायद्याने दिलेली नाही.

धोका एवढ्यावर थांबत नाही. आज पाऊस, उद्या उन्हाची लाट, परवा शिक्षक निवडणुकीच्या कामावर, त्यानंतर प्रशिक्षणाला. एकदा का घरून भरलेला दिवस ग्राह्य धरला की कारणांना तोटा पडणार नाही. आणखी एक भीती आहे, ती कोणाला अतिशयोक्त वाटली तरी बोलून दाखवणे भाग आहे. २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा सुमारे १५ हजार शाळांचे भवितव्य तेव्हापासून टांगणीला लागले आहे. वाडीवरच्या सात मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, असे म्हणणाऱ्यांच्या हाती ‘ऑनलाइन दिवसही शाळेचाच दिवस’ हे सूत्र पडले, तर पुढचा प्रस्ताव काय असेल ते ओळखायला ज्योतिषी लागत नाही. तालुक्याच्या गावी एक शिक्षक, वाडीवर एक पडदा. शहरातल्या पालकांनी ‘एक दिवसाने काय होते’ म्हणून आज मान्य केलेली गोष्ट उद्या अशा वाडीवर कायमची जाऊन बसू शकते.

म्हणून या पावसाळ्यातच काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. पाचवीपर्यंत ऑनलाइन भरवलेला दिवस कामकाजाच्या दिवसांत धरू नये, असे परिपत्रक शिक्षण आयुक्तांनी काढावे आणि ते खासगी विनाअनुदानित शाळांनाही लागू करावे. अतिवृष्टीच्या सुट्ट्या भरून काढण्यासाठी शाळेच्या वार्षिक नियोजनात पाच-सहा दिवस आधीच राखून ठेवावेत. कोकणात पाऊस दरवर्षी येतो, तो दरवर्षी आकस्मिक कसा ठरतो? जिल्ह्याऐवजी तालुकावार किंवा शक्य तिथे केंद्रवार निर्णय घ्यावा. वसईत पाणी साचले म्हणून विक्रमगडची शाळा बंद ठेवण्याचे कारण नाही. सुट्टीच्या दिवशी घरी द्यायचेच असेल तर एक गोष्ट वाचायला सांगा, आजीला पाच कोडी घालायला सांगा. त्याची हजेरी मागू नका, फोटोही मागू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त जागा पालकांच्या असतात आणि त्यांना शाळेचे दप्तर पाहण्याचा अधिकार आहे. पुढच्या बैठकीला जाताना त्यांनी गेल्या वर्षी सुट्टी किंवा ऑनलाइन जाहीर झालेल्या तारखांची यादी सोबत न्यावी, ती हजेरीपटाशी आणि पोषण आहाराच्या नोंदवहीशी ताडून पाहावी. ज्या तारखेला हजेरी लागलेली आहे आणि जेवणाच्या रकान्यात शून्य आहे, त्या तारखेचा भत्ता मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागावा आणि अर्जाची पोच घ्यावी.